पाच व्होल्टची वाट

2024 च्या जुलैत पर्लकोटेला पूर आला आणि भामरागडचा रस्ता बंद! मी मावशीकडे अडकलेलो. माझ्या सिमला रेंज नाही, आणि मावशीचा फोन चार्ज होईना. उघडून पाहिला. मायक्रो यूएसबी पोर्टचे पाय सैल झाले की केबलचा सगळा ताण पिनांवर येतो. इथे पाच व्होल्टच्या पिनेखालचा तांब्याचा पॅडच उखडलेला. पिना पाच, पण नुसत्या चार्जिंगला पहिली आणि ग्राउंडची पाचवी पुरते. बॅटरी काढली, मल्टिमीटरने त्याच लाइनवरचा कपॅसिटर शोधला, तिथपर्यंत केसाएवढी तार सोल्डर केली. मग पोर्टचे पाय पक्के केले, शॉर्ट नाही ना ते तपासलं. चार्जिंगचं चिन्ह दिसलं तशी मावशी म्हणाली, "आधी तुझ्या आईले फोन लाव बाप्पा!"