उरलेला बाबा

रविवारी पहाटे चारला गजर. बायकोची झोप मोडू नये म्हणून बूट हातात घेऊन बाहेर पडायचं. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, त्याआधी ३२ किलोमीटरचा लांब पल्ला दोन-तीनदा तरी व्हायला हवा. यवतेश्वरचा घाट चढून-उतरून साताऱ्यात परत येतो, तर मैदानावर पोरं हजर! त्यांचा सराव आटपून घरी पोचायला दहा वाजतात.

पोरांना मी नेहमी सांगतो, "सुरुवातीलाच सगळं उधळू नका." २०२० साली मी तेच केलं होतं. परतीला, ३५ किलोमीटरनंतर, पेडर रोडचा चढ आला तेव्हा पायात काही उरलंच नव्हतं.

मागच्या महिन्यात लेकीने शाळेसाठी 'माझे कुटुंब' हे चित्र काढलं. आई चपात्या लाटतेय, आजी जप करतेय, आणि बाबा सोफ्यावर आडवा, पायात बूट तसेच. मी हसलो. ती म्हणाली, "बाबा, रविवारी तू असाच तर असतोस."

म्हणजे घराच्या वाट्याला रोजच पेडर रोड!

आता एकाआड एक रविवारी मैदान मोठी पोरं सांभाळतात आणि माझा लांब पल्ला २४ वर आलाय. चार तासांच्या आत यायचं स्वप्न बहुधा राहणार. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

परवा लेकीबरोबर अजिंक्यताऱ्यावर गेलो, चालत. अर्ध्यात ती म्हणाली, "बाबा, हळू ना."

थांबलो. घड्याळ घरीच होतं.