दूध पुरतंय का?

घरात बाळ आलं की येणारा-जाणारा दोन प्रश्न हमखास विचारतो. पहिला, 'कोणासारखं दिसतं?' आणि दुसरा, 'दूध पुरतंय ना?' पहिल्याला काहीही उत्तर दिलं तरी चालतं, कारण ज्याला ज्या घरचं नाक दिसायचं ते दिसतंच. दुसरा प्रश्न मात्र वाटतो तितका साधा नाही. विचारणारा चहा पिऊन निघून जातो आणि जिला विचारलं ती बाई पुढचे चार तास त्याच प्रश्नात अडकून राहते. या शनिवारी त्याच प्रश्नाबद्दल लिहितोय. ज्यांच्या घरी नुकतंच बाळ आलंय किंवा येऊ घातलंय त्यांच्यासाठी आहे. बाकीच्यांनी पुढच्या आठवड्यात या :-)

आमच्याकडे रीतीप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी. बायकोचं माहेर भंडारा जिल्ह्यात, साकोली तालुक्यात. मी सातारकडचा, नोकरी पुण्यात. महाराष्ट्र एक्सप्रेसने भंडारा रोडला उतरायचं (स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे, नवख्यांनी नोंद घ्यावी) आणि पुढे एसटी. तीन आठवडे रजा टाकली होती, त्यानंतर तिथूनच लॅपटॉप उघडून काम. दिवस धानाच्या मळणीचे. सासरे दिवसभर शेतावर आणि घरात आम्ही चार पिढ्या : आजेसासूबाई, सासूबाई, आम्ही दोघं आणि नवीन आलेली मुलगी.

पहिले पंधरा दिवस बरे गेले. तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळचं रडणं सुरू झालं. सहा वाजले की सुरू, नऊ-साडेनऊपर्यंत. चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी घेतलेले. पाजलं की दहा मिनिटं शांत, पुन्हा सुरू. आजेसासूबाईंचं निदान दोन मिनिटांत झालं. "लेकराचं पोट नाही भरत जवाईबापू. मायचं दूध पातर हाय." शेजारच्या दोन बायांनी माना डोलावल्या. एकोणिसाव्या दिवशी सासऱ्यांनी काळजीपोटी साकोलीहून पावडरच्या दुधाचा डबा आणला आणि काही न बोलता फडताळात ठेवला. त्या रात्री बायको मला म्हणाली, "मला काही नीट जमतच नाहीये का रे?"

आता मी काही डॉक्टर नाही. पण 'सिस्टिम बिघडली' असं कोणी म्हटलं की आधी लॉग बघायचे, ही आमच्या धंद्याची सवय. लॉग होताच. पहिल्या दिवसापासून एका वहीत मी शी, शू आणि पाजण्याच्या वेळा लिहीत होतो (सासूबाई त्या वहीला 'हागरी वही' म्हणायच्या). चोवीस तासांत सात-आठ शू, तीन-चार वेळा पिवळी शी. बाळ जेवढं पितं त्याचाच हिशेब दुसऱ्या टोकाला निघतो. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर अंगावरचं पिणारं बाळ दिवसात सहा किंवा जास्त वेळा शू करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. रडणं हे दूध मोजायचं माप नाही. स्तन भरल्यासारखे वाटतात की नाही, दूध दिसायला पातळ आहे का घट्ट, ही पण मापं नाहीत. पाजताना सुरुवातीचं दूध पातळ दिसतं आणि शेवटाकडे स्निग्धांश वाढतो, एवढंच.

वजनाचाही एक खुलासा करतो, कारण तिथे बरेच जण घाबरतात. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन घटतं. सात टक्क्यांपर्यंत, कधी दहापर्यंत. साधारण दोन आठवड्यांत ते परत जन्माच्या वजनावर येतं आणि मग रोज वीस-तीस ग्रॅमने वाढत जातं. आमची २८०० ग्रॅमची तिसऱ्या दिवशी २६०० झाली होती आणि चौदाव्या दिवशी २८५०. पुढचं वजन एकविसाव्या दिवशी होणार होतं.

म्हणजे प्रश्न फक्त दोन दिवसांचा होता. डबा आज उघडायचा की दोन दिवस थांबायचं? 'एखादा चमचा दिला तर काय बिघडतं' असं सगळ्यांचं मत. काय बिघडतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

आईचं दूध टाकीत भरून ठेवलेलं नसतं. ते मागणीप्रमाणे तयार होतं. बाळ जितकं ओढेल आणि स्तन जितका रिकामा होईल तितकी निर्मिती वाढते. दूध आत साठून राहिलं की शरीर समजतं की एवढ्याची गरज नाही आणि वेग कमी करतं. आता वरचा डबा सुरू झाला असं धरा. बाळाचं पोट भरलं, ते अंगावर कमी ओढणार. कमी ओढलं म्हणून दूध कमी झालं. कमी झालं म्हणून डबा वाढवला. आठ-पंधरा दिवसांत दूध खरोखरच पुरेनासं होतं आणि सगळे म्हणतात, 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो?' प्रोग्रॅमरला हा लूप लगेच ओळखू येईल.

त्याच्यावर कडी म्हणजे, स्तनातलं दूध बाहेर यायला ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक लागतं आणि भीती, वेदना, ताण यांनी ते अडतं. म्हणजे दिवसातून दहादा 'पुरतंय ना?' विचारलं की तो प्रश्नच दूध अडवायला हातभार लावतो. चार माणसांनी मिळून, अगदी प्रेमाने, एका बाईचा धीर काढून घ्यायचा आणि मग उपाय म्हणून डबा आणायचा.

मग ते संध्याकाळचं रडणं काय होतं? त्याला इंग्रजी वैद्यकात कॉलिक म्हणतात. वेसल नावाच्या डॉक्टरांनी १९५४ साली त्याची व्याख्या केली, लक्षात ठेवायला सोपी : दिवसात तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त, तीन आठवड्यांहून जास्त काळ रडणारं, पण एरवी धडधाकट बाळ. हे रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. नेमकं कारण अजून कोणाला पक्कं सापडलेलं नाही. गॅसवर खापर फुटतं, पण रडताना बाळ हवा गिळतं म्हणूनही पोट फुगतं. गॅसचे थेंब चाचण्यांमध्ये साध्या गोड पाण्यापेक्षा फारसे सरस ठरलेले नाहीत. संध्याकाळी बाळ तासाभरात तीनदा प्यायला मागतं तेही नेहमीचंच, त्यावरून दूध आटलं असं ठरत नाही.

ग्राइप वॉटरची गोष्ट मजेशीर आहे. १८५१ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डने ते बनवलं. त्यात शेपूचं तेल, सोडा, साखर आणि चक्क अल्कोहोल होतं! मूल शांत का व्हायचं हे वेगळं सांगायला नको. आता त्यात अल्कोहोल नसतं. शेपूचं बी म्हणजे आपल्या बाळंतशोपा, त्या आपल्याकडे बाळंतीण जेवणानंतर चघळतेच. आपला स्वतःचा इतिहास तर याहून वाईट आहे. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका तान्ह्यांना अफूची 'बाळागोळी' देऊन कामावर जात. १९२२ साली डॉ. बार्न्स यांच्या पाहणीत कामगार बायकांच्या ९८ टक्के बाळांना अफू दिली जात असल्याचं नोंदलंय. दोष त्या आयांचा नाही, बारा-बारा तास घराबाहेर राहायचं तर त्या करणार काय? पण शांत झालेलं बाळ म्हणजे बरं झालेलं बाळ नव्हे, एवढं त्यातून कळतं.

एकविसाव्या दिवशी आशाताई आल्या, खांद्याला पिशवी, पिशवीत झोळीचा काटा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाने घरी यायचं, असा देशभरचा नियम आहे. त्याचं मूळ भंडाऱ्यापासून फार लांब नाही. इथली वैनगंगा पुढे गडचिरोलीकडे जाते, तिथे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले आणि १९९९ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. २०११ पासून ते काम आशांमार्फत देशभर सुरू झालं. माझ्यासमोर तेच झोळीच्या काट्याला लटकत होतं आणि हातपाय झाडत होतं.

३०८० ग्रॅम. सात दिवसांत २३० ग्रॅम वाढ.

आशाताईंनी आकडा आधी बायकोला दाखवला, मग आजींकडे वळल्या. "आजी, मायचं दूध पातर असतं तं वजन वाढलं असतं का?" आजेसासूबाई काट्याकडे बघून म्हणाल्या, "मंग रडते काहून?" "रडू द्या, दोन-तीन महिन्यानं राहील. तुमी आपलं अंगाखांद्यावर घ्या." सहाणेवर उगाळायला काढलेली गुटी (हळकुंड, वेखंड, जायफळ, बाळहिरडा, वर मधाचं बोट) सहा महिने तरी नको, हेही त्याच सांगून गेल्या. मध तर वर्षभर नको. त्यात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्याच्या आतड्यात ते वाढून जिवावर बेततं. पाणीसुद्धा सहा महिने वेगळं द्यायचं नाही, विदर्भाच्या मे महिन्यातही नाही. आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं.

मात्र आजींची एक विद्या मला आजही कुठल्या पुस्तकात मिळालेली नाही. बाळाला हातावर पालथं घ्यायचं, पोट मनगटाच्या वरच्या भागावर, डोकं कोपरात, आणि अंगणात हळूहळू फेऱ्या मारायच्या. नऊपर्यंत अर्ध्या फेऱ्या त्यांच्या, अर्ध्या माझ्या. रडणं पूर्ण थांबायचं नाही, पण बायकोला तेवढा वेळ जेवायला आणि आडवं व्हायला मिळायचं.

आणखी एक गंमत. म्हैस व्याली की चिकाच्या खरवसासाठी आपण गवळ्याकडे महिनाभर आधी सांगून ठेवतो. आणि माणसाच्या आईचा चीक, तो घट्ट पिवळा, 'जड पडेल' म्हणून पिळून टाकायची पद्धत कितीतरी घरांत होती. बाळाला रोगांशी लढायची पहिली शिदोरी त्यातच असते. पहिल्या दिवशी बाळाच्या जठरात मावतंही चमचाभरच, म्हणून तो थोडाच येतो. तिथेही पहिली शंका तीच, पुरतंय का?

आता शीबद्दल थोडं. अंगावरचं पिणारं बाळ दिवसातून आठ-दहा वेळा शी करेल किंवा महिना-दीड महिन्यानंतर चार-पाच दिवस करणारही नाही. शी मऊ असेल आणि बाळ खेळत असेल तर दोन्ही ठीक. मोहरीसारखी पिवळी, दाणेदार, कधी हिरवट, सगळं चालतं. पिऊन झाल्यावर ओठाच्या कडेने थोडं दूध येणं हेही नेहमीचं, अन्ननलिकेचं खालचं झाकण अजून सैल असतं. काळजी कशाची करायची ते मात्र पाठ करून ठेवा : हिरवी उलटी, प्रत्येक पाजण्यानंतर फवाऱ्यासारखी उलटी, शीत रक्त, मातकट पांढरी शी, फुगून ताठ झालेलं पोट, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, दूध ओढणं बंद, मलूल पडणं, किंवा आठ तासांत एकही शू नाही. यातलं एकही दिसलं तर गुटी नाही, गूगल नाही आणि हा ब्लॉगही नाही, सरळ डॉक्टर.

आणि हो, डबा हा काही राक्षस नाही. काही बाळांना तो लागतो : वजन वाढत नाही, आई फार आजारी आहे, किंवा आईच नाही. डॉक्टरांनी सांगितलं तर खुशाल द्यावा, मापात, उकळलेल्या पाण्यात, वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, पातळ करून पुरवायचा नाही. आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, त्यामुळे या पावडरींची जाहिरात करता येत नाही आणि डब्यावर गुटगुटीत बाळाचा फोटोही छापता येत नाही. कायद्याने कंपनीला गप्प बसवलं. शेजारणीला, आत्याला, आणि 'सहज विचारलं हो' म्हणणाऱ्यांना कोण गप्प बसवणार? ते काम बापाचं आहे असं मला वाटतं. पाजणं आपल्याला येत नाही. पण वही लिहिणं, रात्री ढेकर काढणं, बाळंतिणीच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवणं आणि दारात येणाऱ्याला 'दूध भरपूर आहे, चहा घ्या' असं ठणकावून सांगणं, एवढं जमतं.

डबा सासऱ्यांनी न उघडता परत केला. दुकानदार ओळखीचा होता, कटकट न करता घेतला. रडणं पुढे अडीच महिने चाललं.

असो. आता ती आठ महिन्यांची आहे, पेज आणि मऊ भात खाते, आणि घरात नवीन प्रश्न सुरू झालाय : 'दात कधी येणार?'