एकशेवीस पराभवांचा धनी

सरकारी कचेरीत मी ३६ वर्षं नोकरी केली. त्या ३६ वर्षांत माझ्या हुकमावरून शिपायानं साधी खिडकीसुद्धा कधी उघडली नाही. 'उघडतो' म्हणायचा आणि चहा आणायला जायचा. घरी काय परिस्थिती होती ते सांगत नाही. हा लेख ही वाचणार आहे. तात्पर्य, हाताखाली माणसं असणं म्हणजे काय असतं हे मला ठाऊक नव्हतं. अशा माणसाच्या हाताखाली वयाच्या बहात्तराव्या वर्षी एकदम दोन डझन अमेरिकन माणसं यावीत, तीही न्यू जर्सीत लेकीच्या घराच्या तळघरात, हे माझ्या पत्रिकेत कुठल्याही ज्योतिषाला दिसलं नव्हतं.

झालं असं. एप्रिलच्या सुरुवातीला आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी लेकीकडे गेलो. हिनं उतरल्या दिवशीच स्वयंपाकघराचा ताबा घेतला. लेक आणि जावई सकाळी कामावर. मला काम एकच, रस्त्यापर्यंत जाऊन टपालाची पेटी उघडून बघणं. ते मी दिवसातून चार वेळा करत असे, आणि टपाल एकदाच येत असे. उरला नातू. वय बारा. त्याला मराठी सगळं कळतं, पण बोलता चारच शब्द येतात आणि त्यांतले दोन खाण्याचे. माझं इंग्रजी म्हणजे फायलीतलं. 'विथ रेफरन्स टु युअर लेटर' अशी सुरुवात असल्याशिवाय मला पुढचं वाक्य सुचत नाही. तेव्हा आमचा संवाद असा : "जेवलास का रे?" "हो." संपलं. मग तो माझ्याकडे आणि मी त्याच्याकडे बघून हसायचो. सहा महिने नुसतं हसत काढायचे म्हणजे जबडा दुखतो.

अशात जावयांचा एक सहकारी घर बदलून दूर गेला आणि जाताना एक खोकं देऊन गेला. खेळाचं नाव स्ट्रॅट-ओ-मॅटिक. हॅल रिचमन नावाच्या गृहस्थानं १९६१ साली तो बाजारात आणला. खेळ बेसबॉलचा, पण बॅट नाही, बॉल नाही, धावणं नाही. माझ्या गुडघ्यांना शोभेल असा. नुसती कार्डं आणि तीन फासे. खऱ्या खेळाडूनं एखाद्या वर्षी प्रत्यक्षात काय दिवे लावले त्याचा सगळा हिशेब त्याच्या कार्डावर आकड्यांत मांडलेला. पांढरा फासा १, २ किंवा ३ पडला तर बॅट घेतलेल्याच्या कार्डात बघायचं. ४, ५ किंवा ६ पडला तर पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या कार्डात. उरलेल्या दोन फाशांची बेरीज करायची आणि त्या ओळीत काय लिहिलंय ते निमूटपणे मान्य करायचं. आमच्या खोक्यात १९६२ सालच्या नॅशनल लीगचे दहाही संघ होते.

नातवानं दहा गठ्ठे मांडले आणि 'कुठला?' अशी भुवई उडवली. मी विचारलं, "यात शेवटी कोण आलं होतं?" (कचेरीतला अनुभव. गेलेली केस हातात घेतली की साहेब रागावत नाही.) त्यानं एक गठ्ठा पुढे सरकवला. न्यूयॉर्क मेट्स. ४० विजय, १२० पराभव. म्हटलं, हे आपलं. ४१ सामने जिंकले की आपण इतिहासापेक्षा बरे ठरलो. रोज एक सामना, अर्ध्या तासाचा, १६० सामने, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आमचं परतीचं तिकीट. गणित जमत होतं. बाकीचे नऊ संघ आळीपाळीनं नातू चालवणार होता.

मग मी या मंडळींची चौकशी सुरू केली. हाताखालच्या माणसांची सर्व्हिस बुकं आधी बघावीत. १९५७ नंतर न्यूयॉर्कचे डॉजर्स आणि जायंट्स हे दोन संघ बिऱ्हाड गुंडाळून कॅलिफोर्नियाला गेले. पोरक्या झालेल्या शहरासाठी १९६२ साली हा नवा संघ काढला. एकाचा निळा रंग घेतला, दुसऱ्याचा नारिंगी, आणि मैदानही जायंट्सनी टाकून दिलेलंच, पोलो ग्राउंड्स. खेळाडू कुठून आणायचे? तर जुन्या संघांनी आपापल्या यादीतली नको असलेली माणसं पुढे केली, त्यांतून निवडायचे. बदलीसाठी माणसं मागितली की शेजारचं खातं कुठली माणसं पाठवतं, हे ज्यानं नोकरी केली आहे त्याला सांगायला नको.

आणि मॅनेजर कोण? केसी स्टेंगेल. त्या जुलैत तो बहात्तर वर्षांचा झाला, म्हणजे माझ्याच वयाचा! यँकीजकडे बारा वर्षांत त्यानं सात वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली होती आणि १९६० साली सत्तरीला आल्यावर यँकीजनी त्याला घरी पाठवलं होतं. मेट्सनी त्याला बोलावलं आणि त्यानं पहिले नऊच्या नऊ सामने हरून दाखवले. मला त्याच्याबद्दल एकदम जवळीक वाटू लागली.

माणसं एकेक अशी, की त्यांना मेमो द्यायचा तर कागद पुरू नये. बॉब मिलर नावाचे दोन पिचर होते. एक उजवा, एक डावा. उजव्यानं १ सामना जिंकला, १२ हरला. मी महिनाभर चुकीच्या मिलरला बोलावत होतो. निकालात फरक पडला नाही. जे हूक नावाचा पिचर शिकलेला इंजिनिअर. चेंडू हवेत का वळतो हे तो शास्त्रशुद्ध समजावून सांगू शके. फक्त वळवायला सांगू नये. (अन्याय नको : मेट्सचा पहिला विजय त्याच्याच हातून झाला, २३ एप्रिलला, पिट्सबर्गमध्ये.) रॉजर क्रेग २४ सामने हरला, अल जॅक्सन २०. हॅरी चिटी नावाचा कॅचर मेट्सनी क्लीव्हलंडकडून आणला, 'बदली खेळाडू मागाहून ठरवू' अशा बोलीवर. मागाहून ठरलेला खेळाडू म्हणून त्यालाच परत पाठवला. स्वतःच्या बदल्यात स्वतःच बदली होऊन गेलेला माणूस आमच्या खात्यातसुद्धा झाला नाही.

आणि मार्व्ह थ्रोनबेरी. १७ जून १९६२ ला या गृहस्थानं असा चेंडू टोलावला की पळत पळत तिसरा बेस गाठला. लोक उभे राहिले. तेवढ्यात पंचानं त्याला बाद दिलं. का, तर पहिल्या बेसला पायच लावला नव्हता. स्टेंगेल तावातावानं भांडायला निघाला, तर त्याला सांगण्यात आलं, साहेब, राहू द्या, दुसऱ्यालाही लावलेला नाही. तो सामना मेट्स एका रननं हरले. या खेळात क्षेत्ररक्षणाचा आकडा जितका मोठा तितका माणूस वाईट. थ्रोनबेरीचा आकडा मी इथे देत नाही. तो १९९४ साली वारला; गेलेल्या माणसाबद्दल असं छापू नये.

गंमत म्हणजे फाशांमध्ये बेस विसरण्याची सोयच नाही. कार्डावर माणसाचे आकडे येतात, वेंधळेपणा येत नाही. त्यामुळे आमचा थ्रोनबेरी इमानदारीत सगळ्या बेसना पाय लावून धावायचा, आणि तरी आम्ही हरायचो.

पहिल्या सहा सामन्यांत माझी समजूत होती की हुशारीनं चाललं तर चित्र पालटेल. मी फलंदाजीचा क्रम बदलला. पिचर लवकर काढला, मग उशिरा काढला, मग मुळीच काढला नाही. हळूहळू ध्यानात आलं, की आपली माणसं बॅट घेतात तेव्हा निम्मा निकाल आपल्या कार्डावर, जिथे काही नाही, आणि निम्मा समोरच्या पिचरच्या कार्डावर, जिथे आपल्यासाठी काही नाही. समोरचे बॅट घेतात तेव्हा मात्र दोन्हींकडे त्यांची दिवाळी. मॅनेजरच्या हाती राहतं ते हनुवटी खाजवणं. सातवा सामना जिंकलो तेव्हा हिनं शिरा केला. नातवानं त्या चार शब्दांत तिसरा खाण्याचा शब्द मिळवला.

पण बोलणं सुरू झालं ते रिची ॲशबर्नमुळे. हा खरा मोठा खेळाडू. पस्तिसाव्या वर्षी, शेवटच्या हंगामात, या गोतावळ्यात येऊन पडला, तरी ३०६ ची सरासरी काढली. १९९५ साली त्याचं नाव हॉल ऑफ फेममध्ये गेलं. तो मधोमध उभा राहायचा आणि उंच आलेल्या चेंडूला 'माझा, माझा' म्हणून ओरडायचा. पण शॉर्टस्टॉपला एलिओ चाकॉन, व्हेनेझुएलाचा, त्याला इंग्रजीचा गंध नाही. तो येऊन धडकायचा. अखेर ॲशबर्ननं स्पॅनिश शिकून घेतलं : 'यो ला तेंगो'. चेंडू आला, ॲशबर्न ओरडला, 'यो ला तेंगो!' चाकॉन शहाण्यासारखा थांबला. आणि डावीकडून फ्रँक थॉमस, ज्याला स्पॅनिश येत नव्हतं, धावत येऊन ॲशबर्नवर आदळला. असं सांगतात बुवा.

ही गोष्ट नातवानं मला सांगितली. अर्धी इंग्रजीत, थोडी हातवाऱ्यांनी, आणि धडक दाखवायला स्वतः सोफ्यावर पडून. मला सगळी कळली. त्या दिवसापासून घरात 'यो ला तेंगो' सुरू झालं. दाराची घंटा वाजली, यो ला तेंगो. दूध उतू जायला लागलं, यो ला तेंगो. एकदा फडताळातून बेसनाच्या लाडवांचा डबा कलंडला. मी ओरडलो, नातू थांबला, आणि हिला स्पॅनिश येत नसल्यामुळे ही मागून येऊन माझ्यावर आदळली. लाडू फुटले. नातू पोट धरून हसत म्हणाला, "आजी, फ्रँक थॉमस!" फ्रँक थॉमस कोण ते हिला अजून कोणी सांगितलेलं नाही. त्यानं त्या वर्षी ३४ होम रन मारले होते, एवढं मी हिच्या माहितीसाठी नमूद करतो.

जुलै उजाडला. नातवाचं पोहणं सुरू झालं, मित्र आले, कसलंसं शिबिर आलं. सामना संध्याकाळचा रात्री गेला, रात्रीचा उद्यावर गेला. मी तक्रार केली नाही. बारा वर्षांच्या मुलानं बहात्तर वर्षांच्या माणसाबरोबर रोज तळघरात बसावं हे काही बरोबर नाही. मी एकटाच दोन्ही बाजूंनी फासे टाकायचो, वहीत लिहायचो. तो रात्री येऊन वही बघायचा. "अरे आजोबा! परत?" म्हणायचा. परत, म्हणजे परत हरलो. कधी कधी शेजारी बसून दोन इनिंग खेळायचा आणि तिथंच झोपायचा. त्या वर्षी पोलो ग्राउंड्सवर नऊ लाखांहून जास्त लोक आले होते म्हणे, हे असले सामने बघायला. मला त्याचं आता आश्चर्य वाटत नाही. आमच्याकडे रात्री एक माणूस यायचा, तर मी दिवसभर वाट बघायचो.

निघायला दोन दिवस उरले तेव्हा आमचे विजय झाले होते बरोबर ४०, सामने राहिले होते दोन. घरात मी एकटा. १५९ वा सामना लावला. बरोबरी, शेवटची इनिंग, दोन बाद, तिसऱ्या बेसवर आपला माणूस, बॅट घेऊन थ्रोनबेरी. फासे टाकले. बाद. आता बघा, एक फासा वहीच्या कडेला टेकला होता. म्हणजे तसा सपाटच पडला होता, पण टेकला होता. ३६ वर्षांत मी कुणाची एक कवडी घेतली नाही. मी तो फासा उचलला आणि परत टाकला. सिंगल. जिंकलो. वहीत लिहिलं : ४१.

दिवसभर मला जेवण गेलं नाही. हिला वाटलं निघायचं म्हणून. रात्री नातू आला, आकडा बघून त्यानं आरोळी ठोकली, मला मिठी मारली. त्या मिठीत मला राहवेना. सांगून टाकलं. तो काही बोलला नाही. खोडरबर घेऊन आला, ४१ स्वच्छ खोडलं, ४० लिहिलं, आणि फासे माझ्या पुढ्यात ठेवून मराठीत म्हणाला, "परत टाकू नको. जे पडलं ते पडलं." त्याचं एवढं लांब मराठी वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. "पण टेकला होता," मी म्हटलं. "आजोबा," तो म्हणाला. थ्रोनबेरी बाद धरला. पुढच्या इनिंगमध्ये आम्ही रीतसर हरलो.

शेवटचा सामना शिकागो कब्जविरुद्ध, निघण्याच्या दिवशी. सकाळी शाळेत जाण्याऐवजी लेकीनं त्याला घरी ठेवला. शेवटची इनिंग खेळण्याचा मान त्यानं आम्हाला दिला, पाहुणे म्हणून. (खऱ्या मेट्सनी शेवटच्या सामन्यात शिकागोला एका चेंडूवर तिघं बाद करवून घेतले होते; आम्ही तेवढ्या थराला गेलो नाही.) आम्ही एका रननं मागे, दोन बाद, दुसऱ्या बेसवर ॲशबर्न. मी थ्रोनबेरीला पाठवला. नातवानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "असू दे रे. डावखुरा आहे." वर जावयांनी गाडी सुरू केली होती. जिन्यावरून ही ओरडली, "अहो, विमान तुमच्या फाशांसाठी थांबणार आहे का?"

नातवानं फासे माझ्या हातात दिले. मी ते परत त्याच्या हातात दिले. मग त्यानं ते खोक्यात ठेवले, थ्रोनबेरीचं कार्ड उचललं आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात घातलं.

ते कार्ड आता पुण्यात माझ्या पेन्शनच्या पुस्तकात असतं. दर रविवारी नातवाचा फोन येतो. त्याला आता पाच-सहा मराठी वाक्यं येतात, पण सुरुवात ठरलेली.

"आजोबा, थ्रोनबेरी काय करतो?"

"बॅट घेऊन उभा आहे."