अब्बांना आधी सांगायचं

रमजानला सतरा दिवस उरले होते. अब्बा म्हणत होते, एंडोस्कोपी ईदनंतर बघू. आम्ही तिघं भावंडं, थोरली आपा, मधला आणि धाकटा, ती परवाच झाली पाहिजे म्हणून हटून बसलो होतो.

अब्बांनी तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांमधून ३६ वर्षं गुरुजी म्हणून काम केलं. वय ६९. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून गोळी आणायची आणि फजरनंतर चहाबरोबर घ्यायची, असं वर्षभर चाललं होतं. सदरा सैल झाला, ते अम्मीच्या आधी लक्षात आलं. मग ते मशिदीच्या पायऱ्या चढताना मध्येच बसायला लागले. रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ८.४ निघालं. गावातल्या डॉक्टरांनी शौचाचा रंग विचारला. अब्बा बराच वेळ गप्प राहिले आणि मग हळूच म्हणाले, "दोन-तीनदा डांबरासारखी झाली."

डॉक्टरांनी गुडघ्याची गोळी त्याच क्षणी बंद केली. पोटात कुठंतरी रक्त झिरपतंय, नळी घालून बघावं लागेल, मिरजेला जा, असं सांगून त्यांनी चिठ्ठी दिली. रमजानची गोष्ट अब्बांनी काढली तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, आजाऱ्याला रोजाची सवलत तुमच्याच धर्मात आहे ना? मग पोटाला महिनाभर थांब कसं म्हणायचं?" अब्बा त्यावर काही बोलले नाहीत.

त्या रात्री आमच्या घरात कुणालाच झोप लागली नाही. धाकटा मोबाईलवर एंडोस्कोपीचे व्हिडिओ बघत बसला. ओकाऱ्या काढणारी, डोळ्यांतून पाणी आलेली माणसं बघून त्याचाच घसा आवळला. मग आम्ही तिघं स्वयंपाकघरात जमलो आणि ठरवून टाकलं, झोपेचं इंजेक्शन देऊनच करायचं. अब्बांना दात घासतानासुद्धा उमासे येतात. त्यांना कळायलाच नको काही. सगळं ठरलं, चहा झाला, कप विसळून झाले. अब्बा पलीकडच्या खोलीत जागेच होते. त्यांना मात्र कुणी विचारलं नाही.

सकाळी सांगितलं तर म्हणाले, "इंजेक्शन नको."

आम्हाला वाटलं, नशेचं औषध म्हणून नको म्हणतात. मधला इमामसाहेबांकडे जाऊन आला. इलाजासाठी डॉक्टरनं दिलेलं औषध म्हणजे नशा नव्हे, असं त्यांनी सांगितलं. ते अब्बांच्या कानावर घातलं. अब्बा म्हणाले, "मी नशेचं कधी म्हटलं?" मग आपाला वाटलं, झोपेतून उठणार नाही याची भीती असेल. तिनं तसं विचारलं. "मौत अल्लाहच्या हातात आहे, त्याची भीती नाही," एवढंच उत्तर आलं. आम्ही आपसात म्हणालो, म्हातारपणी माणूस हट्टी होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. रात्री आठला हलकं जेवण झालं होतं, त्यानंतर पोटात काही नाही. भुकेचं अब्बांना काय! आयुष्यभर रोजे ठेवलेला माणूस. आपाची मुलगी बी. फार्म.ला आहे, ती एसटीत नानांच्या शेजारी बसली होती. तिनं सांगितलं, १८६८ साली जर्मनीत कुसमाउल नावाच्या डॉक्टरनं पोटात बघण्यासाठी सरळ, ताठ नळी वापरली होती, आणि ती गिळायला त्यानं तलवार गिळणारा खेळवाला बोलावला होता. वाकणारी काचतंतूंची नळी १९५७ साली आली. ती बनवणाऱ्या हिर्शोविट्झ यांनी ती आधी स्वतःच्या घशात घालून बघितली. अब्बा दोन दिवसांत पहिल्यांदा हसले. "म्हणजे तलवारीपेक्षा आपलं बरं आहे," म्हणाले.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर बाई होत्या. आम्ही तिघंही एकदम बोलायला लागलो: इंजेक्शन द्या, त्यांना सहन होणार नाही, त्यांना काही कळू देऊ नका. बाईंनी हात वर करून आम्हाला थांबवलं आणि खुर्ची अब्बांकडे वळवली. "गुरुजी, नळी तुमच्या पोटात जाणार आहे. तुम्हाला काय वाटतं?"

अब्बा आमच्याकडे न बघता बोलले. "मी झोपेत असताना तुम्ही बाहेर जाऊन पोरांना काय निघालं ते सांगाल. पोरं मला दुसरंच सांगतील."

आणि मग आम्हाला अर्धवट ठाऊक असलेली गोष्ट त्यांनी पूर्ण सांगितली. २००९ साली बडे अब्बांची, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची, अशीच तपासणी झाली होती. पोटाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी अब्बांना व्हरांड्यात बोलावून सांगितलं. अब्बा आत गेले आणि भावाला म्हणाले, "अल्सर आहे." सगळ्या घरानं तेच म्हणायचं ठरवलं. बडे अब्बा म्हणायचे, बरा झालो की बहिणीचा जमिनीतला वाटा तिच्या नावावर करून देतो, तिला घरी बोलावतो, बरीच वर्षं अबोला झाला. ते चार महिन्यांत गेले. शेवटच्या जुम्म्याला त्यांनी अब्बांचा हात धरून विचारलं होतं, "खरं सांग." अब्बा तेव्हाही म्हणाले, "अल्सर आहे, बरा होईल." फूफीचा वाटा पुढं आम्ही दिला. पण भाऊ-बहीण बोलले नाहीत ते नाहीतच.

"ते खोटं मी बोललो होतो," अब्बा म्हणाले. "प्रेमापोटीच बोललो. म्हणून मला माहीत आहे, प्रेमाची माणसं काय करतात."

आम्ही तिघांनी माना खाली घातल्या, कारण अब्बांचा अंदाज बरोबर होता. काही वाईट निघालं तर अब्बांना सांगायचं नाही, हेही त्या रात्री स्वयंपाकघरातच ठरलं होतं.

डॉक्टर बाईंनी मग दोन्ही वाटा नीट समजावल्या. त्या इथं लिहितो, कारण घरोघरी हा प्रश्न येतो आणि बहुतेक ठिकाणी घाईत सुटतो.

पहिली वाट: घशात बधिर करणारा कडू फवारा मारतात आणि माणूस जागा राहतो. नळी साधारण करंगळीएवढी जाड असते. ती अन्ननलिकेतून जाते, श्वासाची वाट वेगळी असते, त्यामुळे गुदमरल्यासारखं वाटलं तरी श्वास चालूच राहतो. डाव्या कुशीवर झोपायचं, नाकानं संथ श्वास घ्यायचा, लाळ गिळायची नाही, वाहू द्यायची. पोट फुगवायला हवा सोडतात, त्यामुळे ढेकरा येतात, त्याची लाज धरायची नाही. पाच ते दहा मिनिटांचं काम. घशाचा बधिरपणा गेला की पाणी प्यायचं आणि घरी जायचं. यात उमासे येतात, ते त्यांनी लपवलं नाही.

दुसरी वाट: शिरेतून गुंगीचं औषध देतात. त्यात माणूस पूर्ण बेशुद्ध होत नाही, पेंगतो, हाक मारली तर ओ देतो, पण नंतर त्याला फारसं आठवत नाही. त्रास कमी होतो. मात्र श्वास मंदावू शकतो, म्हणून बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावून लक्ष ठेवावं लागतं. वय जास्त असेल, दम्याचा किंवा झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल तर ते आधी सांगावं लागतं. त्यानंतर काही वेळ दवाखान्यात थांबावं लागतं, सोबतीला माणूस लागतो आणि २४ तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही. आणि शुद्धीवर येताच डॉक्टर जे सांगतात, तेही माणूस विसरतो.

"बघा," अब्बा आम्हाला म्हणाले.

बाई म्हणाल्या, "गुरुजी, फवाऱ्यावर सुरू करू. सुई आधीच लावून ठेवते. नाहीच सहन झालं तर डावा हात उचला, थोडं औषध देईन. आणि जे निघेल ते मी तुम्हालाच सांगेन, या तिघांच्या समोर, तुम्ही पूर्ण जागे झाल्यावर. रिपोर्ट तुमच्याच हातात देईन." आमच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्हाला चालेल?" आम्ही हो म्हणालो. संमतिपत्र अब्बांनी ओळ न ओळ वाचलं. एका शब्दाचं शुद्धलेखन चुकलं होतं, ते दाखवलं आणि सही केली. कवळी काढून अम्मीच्या रुमालात बांधली. बिस्मिल्लाह म्हणून आत गेले.

बाहेर अम्मी तस्बीह ओढत होती. आम्हाला व्हिडिओतलं सगळं आठवत होतं. नंतर सिस्टरनं सांगितलं, नळी घशापाशी आली तेव्हा अब्बांनी तीनदा उमासे सोसले, चौथ्यांदा डावा हात उचलला. अगदी वर्गात पोरं उचलतात तसा.

पाऊण तासानं ते जागे झाले. डॉक्टर बाईंनी शब्द पाळला. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, जठरात अल्सर आहे. सध्या रक्त थांबलेलं आहे. कडेचा तुकडा तपासायला पाठवलाय. जठरातल्या अल्सरचा तुकडा पाठवावाच लागतो. मला बघून कॅन्सरसारखं वाटत नाही, पण तुकड्याचा रिपोर्ट आल्याशिवाय मी नाही म्हणणार नाही." दुसरा एक बारीक तुकडा त्यांनी पिवळ्या जेलीच्या डबीत टाकला होता. ती डबी गुलाबी झालेली दाखवली. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचे जंतू पोटात आहेत, त्यात रिकाम्या पोटी घेतलेल्या वेदनेच्या गोळ्यांची भर पडली, असं त्यांनी समजावलं.

अब्बांनी सगळं ऐकलं. दहा मिनिटांनी आपाला विचारलं, "काय निघालं?"

आपा म्हणाली, "अल्सर."

त्यांनी तिच्याकडे असं बघितलं की तिच्या पोटात खड्डा पडला. खरं तेच ती सांगत होती, पण शब्द तोच होता, २००९ सालचा. आमच्याकडे दुसरा शब्दच नव्हता. आपानं मग पूर्ण सांगितलं: कॅन्सरची शंका तपासायला तुकडा पाठवलाय, डॉक्टरांना तसं वाटत नाही, पण नक्की आठवड्यानं कळेल. कॅन्सर हा शब्द आमच्या घरात अब्बांसमोर पहिल्यांदा उच्चारला गेला. थोड्या वेळानं त्यांनी मधल्याला विचारलं. मग धाकट्याला. मग पुन्हा आपाला. चार वेळा विचारलं, चार वेळा आम्ही तेच सांगितलं, शंकेसकट. औषधाच्या गुंगीनं ते विसरत होते की आमची परीक्षा घेत होते, ते आम्हाला आजही ठाऊक नाही. डोकं पूर्ण हलकं झाल्यावर तीनच्या सुमाराला त्यांनी खाटेवर बसून जोहर पढली. परतीच्या एसटीत ते स्वतःहून म्हणाले, "तुकडा पाठवलाय म्हणे."

तो आठवडा सोपा गेला असं आम्ही म्हणणार नाही. पण आधीच्या दोन रात्रींसारखा गेला नाही. घरात कुजबुज नव्हती. अब्बा अंगणात मोठ्यानं बोलायचे, "वाईट निघालं तर अमुक करा, बेदाण्याचे पैसे तमक्याकडून येणं आहे." एकदा फूफीला फोन करून तासभर बोलले.

रिपोर्ट धाकट्याच्या मोबाईलवर आला. तो मळ्यात होता. त्यानं फाईल उघडली नाही. मोटारसायकल काढून थेट घरी आला आणि मोबाईल अब्बांच्या हातात दिला. अब्बांनी चष्मा लावला, इंग्रजी वाचताना एका ओळीवर बोट ठेवलं आणि नातीला म्हणाले, "हे नीट वाच." कॅन्सर नव्हता. अलहम्दुलिल्लाह. अम्मी तिथंच खाली बसली.

दोन अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारी गोळी, असा १४ दिवसांचा कोर्स आठवड्यापूर्वीच सुरू झाला होता. रक्तही कमी होतं. त्यामुळं डॉक्टर बाईंनी सुरुवातीच्या रोजांना मनाई केली. ते रोजे अब्बा थंडीत कजा ठेवणार होते. पहिल्या इफ्तारीला दस्तरखानावर बसून त्यांनी आमच्यासाठी खजूर वाटले आणि स्वतः एक उगाच हातात धरून ठेवला.

आमच्या घरांतून आजाऱ्याची काळजी फार घेतली जाते. उशाशी पाणी ठेवतो, पाय चेपतो, रात्ररात्र जागतो. पण त्याला विचारायचं राहून जातं. गुंगी घ्यावी की न घ्यावी याचं एकच बरोबर उत्तर नाही. ज्याला उमासे सोसत नाहीत त्यानं ती जरूर घ्यावी, त्यात कमीपणा नाही. ज्याला लगेच घरी जायचंय, ज्याला जागं राहायचंय, त्यानं फवाऱ्यावर करावी. घरच्यांनी फक्त एवढं करावं: माणूस नको म्हणाला तर का, ते त्यालाच विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत थांबावं. आम्ही इमामसाहेबांना विचारून आलो, मोबाईलला विचारलं, अब्बांना विचारलं नाही.

जठरातला अल्सर भरला का, ते बघायला दोन महिन्यांनी पुन्हा नळी घालावी लागते. ईद होऊन गेल्यावर आम्ही परत मिरजेला गेलो. डॉक्टर बाईंनी विचारलं, "गुरुजी, यावेळी काय करायचं? फवारा की इंजेक्शन?"

अब्बांनी कवळी काढून रुमालात ठेवली. "इंजेक्शन द्या," म्हणाले. "काय निघालं ते पोरं सांगतील."