शेवटचे प्रकरण

मटक्याच्या इतिहासावरचे आमचे पुस्तक गेली कित्येक वर्षे 'संपत आले' आहे. न्यूयॉर्कहून तारेने येणाऱ्या कापसाच्या भावांवर मुंबईत लागणारा आकडा, १९६२ साली कल्याणजी भगतांनी सुरू केलेला वरळी मटका, १८८७ चा जुगारबंदीचा कायदा, सारे लिहून झाले. कागद उरतात ते धंदा चालवणाऱ्यांचे आणि पकडणाऱ्यांचे. हरणाऱ्याची चिठ्ठी त्याच रात्री फाटते. आमचे वडील गिरणीत होते. पगाराच्या दिवशी आई चाळीच्या जिन्यापाशी उभी राही, हे आम्ही आजवर कुठल्याच खर्ड्यात येऊ दिले नव्हते. (तटस्थता म्हणे!) परवा आईलाच विचारले. म्हणाली, "लिही, पण त्यांचं नाव नको." त्या तळटिपेत आता नुसता आकडा आहे.