मोबाईल म्हणाला, अपील मंजूर!

गेल्या वर्षावासातली गोष्ट. विहारातले ग्रंथवाचन आटोपून आम्ही घरी येतो, तो ओट्यावर शेजारच्या मावशी बसलेल्या. पाऊस धरलेला, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद.

"जयभीम मावशी, एवढ्या रात्री?"

"भाऊ, जमीन गेली."

मावशींचे माहेर खालापूर तालुक्यातले. बापजाद्यांच्या वतनाची एकोणीस गुंठे जमीन, तिचा दावा अकरा वर्षे चाललेला. आधी खालापूरच्या कोर्टात निकाल लागला, मग समोरचे लोक अलिबागला जिल्हा न्यायालयात गेले. दोन्ही ठिकाणी मावशी जिंकल्या. अलिबागची तारीख म्हणजे काय असते ते कर्जत-खालापूरच्या माणसालाच ठाऊक. पहाटे भाकरी बांधून निघायचे, खोपोलीहून पेणमार्गे एस.टी. धरायची, तिथे पोहोचावे तो पुकारा होऊन गेलेला असायचा आणि पुढची तारीख पडलेली! समोरचे लोक आता मुंबईला हायकोर्टात दुसरे अपील घेऊन गेले होते. त्याचा हुकूम आला तो इंग्रजीत. संविधानाच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे हायकोर्टाची भाषा इंग्रजी, त्याला कोण काय करणार? वकिलांचा फोन लागेना. मावशींच्या धाकट्या मुलाने, तो खोपोलीला कंत्राटी कामावर आहे, हुकुमाचा फोटो काढून मोबाईलमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले. तिने क्षणात सुबक मराठीत उत्तर दिले: अपील मंजूर करण्यात आले आहे.

खरे सांगायचे तर ते वाचून आम्हीही गप्प बसलो. आम्ही बी.कॉम. झालेले, वीस वर्षे कारकुनी करतो, इंग्रजी कागद रोज हाताखालून जातात. पण स्क्रीनवरची ती शुद्ध, ठाम भाषा पाहून शंका घ्यायचे सुचलेच नाही. मावशींना म्हणालो, "सकाळी बघू." दुसरे काय म्हणणार?

सकाळी आमच्या आधी दलाल पोहोचला होता. बातमी कशी फुटते कोण जाणे! तडजोडीचा कागद तयार करूनच आलेला. "हरलाच आहात मावशी, मिळतंय तेवढं घ्या, नाहीतर तेही जाईल." इकडे जमिनीला काय भाव आहे हे सांगायला नको. नेरळपासून खोपोलीपर्यंत फार्महाऊसच्या पाट्या कोणाच्या जमिनीवर लागल्या आहेत ते सगळ्यांनी पाहिले आहे. मावशींनी पेन हातात घेतले होते.

आम्ही मूळ इंग्रजी कागद मागून घेतला. त्यात शब्द होता 'अॅडमिटेड'. कॉलेजात भागीदारीचे हिशेब शिकलो होतो ते तिथे उपयोगी पडले. नवा भागीदार 'अॅडमिट' केला म्हणजे त्याला आत घेतला; सगळा नफा त्याच्या पदरात टाकला असे नव्हे! मनात शंका आली. दलालाला चहा देऊन वाटेला लावले आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून मावशींना घेऊन कर्जत गाठले. तिथल्या वकीलताईंनी कागदावर एक नजर टाकली आणि कपाळाला हात लावला. "अहो भाऊ, अपील फक्त सुनावणीसाठी दाखल करून घेतलंय. मंजूर असतं तर 'अलाऊड' लिहिलं असतं. मावशी, तुम्ही कुठं हरलाय? केस अजून चालायची आहे!"

मावशी काही बोलल्या नाहीत. पदराने चष्मा पुसत बसल्या.

तेव्हापासून आम्ही या विषयाची कात्रणे जमवू लागलो. पाहतो तो ही चूक आमच्या मावशींपुरती नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली निकालांच्या भाषांतरासाठी 'सुवास' नावाची यंत्रणा आणली. हेतू उत्तम. आपल्या भाषेत निकाल वाचायला मिळावा ही आपलीच मागणी. पण यंत्राने 'लीव्ह ग्रँटेड', म्हणजे अपिलाची परवानगी दिली, याचा अर्थ सुट्टी मंजूर असा केल्याचे उदाहरण न्यायमूर्तींनीच दिले आहे. आता सुट्टी वाचून माणूस हसतो, आणि हसला की त्याला चूक कळते. 'अपील मंजूर' वाचून कोण हसणार?

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये ई-कोर्ट योजनेच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी रुपये मंजूर केले, त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेसारख्या नव्या तंत्रासाठी ५३.५७ कोटी आहेत. म्हणजे हे यंत्र कोर्टाच्या दारात उभे नाही, आत आले आहे. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी यंत्राने रचलेले खोटे निकाल कोर्टापुढे ठेवले आणि पाच हजार डॉलर दंड बसला. अमेरिका लांब राहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या मुंबई हायकोर्टापुढे एका कंपनीच्या आयकराचा हुकूम आला. त्या हुकुमात आधार म्हणून घेतलेले तीन निकाल कुठल्याच कोर्टाने कधी दिलेले नव्हते! हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला आणि बजावले की या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात यंत्राने दिलेले आधार तपासल्याशिवाय वापरू नका. कंपनीकडे मोठे वकील होते म्हणून खोटेपणा उघड झाला. मावशींच्या हुकुमात असे काही असते तर कोणी शोधले असते?

आमच्या ऑफिसात साधे व्हाउचर असले तरी एक लिहितो, दुसरा तपासतो, दोघांच्या सह्या होतात. ज्याने लिहिले त्यानेच तपासायचे नाही. दोनशे रुपयांच्या रिक्षाभाड्याला हा नियम, मग माणसाच्या जमिनीला, जामिनाला का नसावा? केरळ हायकोर्टाने जुलै २०२५ मध्ये आपल्या जिल्हा न्यायालयांसाठी असे धोरण काढले. निष्कर्ष काढायला किंवा निकाल द्यायला यंत्र वापरायचे नाही, मान्यता दिलेलीच साधने घ्यायची, यंत्राचे भाषांतर अनुवादकाने किंवा न्यायाधीशाने तपासायचे आणि वापराची नोंद ठेवायची. कारकून म्हणून आम्हाला यातले शेवटचे कलम सर्वांत आवडले. नोंद असली की जबाब विचारता येतो.

पण आम्हाला खरी धास्ती भाषांतराची नाही. यंत्र शिकते ते जुन्या कागदांवरून. जुन्या कागदांत आपण कसे आलो आहोत? अमेरिकेत आरोपी पुन्हा गुन्हा करील का याचे गुण देणारे यंत्र काही कोर्टांत वापरले जाते. २०१६ साली तिथल्या पत्रकारांनी तपासले, तेव्हा पुढे गुन्हा न केलेल्या काळ्या माणसांवर धोकादायक असा चुकीचा शिक्का गोऱ्यांच्या जवळजवळ दुपटीने बसलेला दिसला. त्या यंत्राला माणसाचा वर्ण विचारलेलाच नव्हता! आपल्याकडेही जात विचारायची गरज पडणार नाही. आडनाव आहे, गाव आहे, गावातली वस्ती आहे.

आमचाच जिल्हा घ्या, तेव्हा त्याचे नाव कुलाबा होते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतले. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तर सनातन्यांनी दावा लावून १४ डिसेंबरला महाडच्या कोर्टाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. त्यांचे म्हणणे काय? पूर्वापार वहिवाट! त्या दिवशी कोर्टात यंत्र असते आणि त्याला विचारले असते की जुना व्यवहार काय सांगतो, तर त्याने वहिवाटीच्याच बाजूने कौल दिला असता, तोही सुबक भाषेत. दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की ही वहिवाट अनादी काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आलेले नाही. आजवर असेच चालत आले, एवढे म्हणणे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्या खंडपीठाला पुरले नाही. पुरावा मागणारे कोणीतरी खुर्चीत बसलेले होते आणि समोर बाबासाहेबांसारखे बॅरिस्टर होते.

हे वाचून कोणी मोबाईल फेकून देऊ नये. आम्हीही फेकलेला नाही. तारीख बघायला, अर्जाचा मसुदा समजून घ्यायला तो उपयोगी पडतो. पण हुकुमाचा अर्थ त्यालाच विचारून सही करू नका. तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. मावशींना हे अकरा वर्षांत एकानेही सांगितले नव्हते. आम्हीही नाही, हे कबूल करतो.

मावशींच्या अपिलाची सुनावणी अजून व्हायची आहे. वकीलताईंनी हुकुमाचा मराठी अर्थ आपल्या हाताने लिहून, खाली सही करून दिला. तो त्यांनी इंग्रजी कागदाला टाचून ट्रंकेत ठेवला आहे. दलाल मध्ये एकदा येऊन गेला. मावशींनी त्याला विचारले, "कागद कुणी वाचला तुझ्यासाठी? त्याची सही आण."