नागपूरचा चढ

नागपूर सपाट आहे, असे बाहेरगावचे पाहुणे नेहमी म्हणतात. स्टेशनवर उतरावे, बर्डीवर चहा घ्यावा, दीक्षाभूमी, झिरो माइलचा खांब आणि फुटाळा तलाव पाहावा, आणि संत्राबर्फीचा पुडा घेऊन रात्रीच्या गाडीने परतावे. एवढ्या मुक्कामात गाव सपाटच दिसणार! परंतु नाग नदीचे मत निराळे आहे. ती पश्चिमेकडच्या लाव्याच्या टेकड्यांतून निघते आणि सारे शहर ओलांडून पूर्वेला जाते. पाणी काही उगीच वाहत नाही. दख्खनचा काळा कातळ जिथे पूर्वेकडे संपत येतो त्या काठावर हे गाव वसले आहे. बर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स, तेलंगखेडीचा भाग येथे तो कातळ अजून डोके वर काढून आहे.

हा चढउतार मला वीस वर्षे या गावात राहूनही नीट ठाऊक नव्हता. तो कळला माझ्या पुतण्याच्या फळीमुळे.

चिरंजीव अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. त्यांनी घरच्या घरी विजेवर चालणारा स्केटबोर्ड करावयास घेतला. स्केटबोर्ड म्हणजे चार चाकांची फळी. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातील लाटांवर स्वार होणाऱ्या पोरांनी, लाटा नसतील त्या दिवसांसाठी ती काढली. २०२१ साली टोकियोत ती ऑलिंपिकमध्येही गेली. साध्या फळीला पायाने रेटा द्यावा लागतो. विजेच्या फळीला मागच्या चाकाशी पट्ट्याने जोडलेली मोटर असते, आणि हातात एक छोटा खटका. खटका पुढे केला की फळी धावते, मागे ओढला की तीच मोटर उलट जोर लावून फळी थांबवते. दुसरा ब्रेक नाही! घोडाही तोच आणि लगामही तोच. म्हणून मोटर कोणती घ्यावी हा प्रश्न केवळ पैशांचा नव्हता, पोराच्या हाडांचा होता. माझ्या भावजयीने म्हणूनच मला त्याच्याबरोबर धाडले. मराठीचा प्राध्यापक मोटरीत काय पाहणार, हा विचार तिने केला नाही.

मोटरीचे ज्ञान नागपुरात कुठे मिळते? महाविद्यालयांत मिळतेच, पण त्याहून जुनी पाठशाळा म्हणजे कूलर दुरुस्तीची दुकाने. येथे घरोघर वाळ्याच्या ताट्यांचा कूलर असतो, आणि मार्च लागला की जळलेल्या मोटरी घेऊन लोक वाइंडिंगवाल्याकडे रांग लावतात. आमच्या ओळखीचे मिस्त्री आयुष्यभर तांब्याच्या तारा गुंडाळीत आले आहेत. त्यांनी पुतण्याची मोटर हातात घेतली, तिच्या तिन्ही तारांची टोके एकमेकांना जोडली आणि दांडा बोटांनी फिरवला. पिठल्यात पळी फिरवावी तशी ती जड झाली. "सारखी जड लागून राहिली म्हणजे आतून बरी आहे," ते म्हणाले. "मध्येच अडखळली की समजा, गडबड आहे. पण सर, फिरून राहिली म्हणजे कामाची झाली, असं नसते जी. भार टाका, मग ते बोलते."

या मोटरी मुळात मोठ्या खेळण्यातल्या विमानांसाठी केलेल्या. त्यांवर ६३७४ असा आकडा असतो. ६३ मिलिमीटर व्यास, ७४ मिलिमीटर लांबी. दुसरा आकडा महत्त्वाचा: एका व्होल्टला मोटर किती फेरे घेते. बाजारात १९० ची सहज मिळते आणि पोरे तीच मागतात. पुतण्याने हिशेब मांडला. ३६ व्होल्टची बॅटरी, मोटरीच्या चाकीला १५ दाते, फळीच्या चाकीला ३६, चाकाचा व्यास ९० मिलिमीटर. १९० च्या मोटरीने भार नसताना वेग येतो ताशी ४८ किलोमीटर, १४० च्या मोटरीने ३५ च्या थोडा वर. माणूस उभा राहिला की दोन्ही उतरतात. सायकलच्या वेगाहून फार पुढे जायचे नाही, असे घरात ठरलेले असल्यामुळे १४० निवडली. शिवाय तेवढीच ओढ ती कमी अँपिअरमध्ये देते, त्यामुळे नियंत्रकावर ताण कमी.

ओढ किती लागते, ते टेकडीच्या बाजूच्या एका निवांत वसाहतीत मोजले. तेथील रस्ता शंभर फुटांत पाच फूट चढतो. पोरगा आणि फळी मिळून ७५ किलो. त्याचे पाच टक्के पावणेचार किलो, आणि चाकांचे घर्षण धरून पाच किलो. म्हणजे कोणीतरी पाच किलोचे गाठोडे सतत मागे ओढीत आहे, असे समजावे.

जानेवारीत पहाटे तो चढ दहा वेळा चढून उतरलो. (उतरला तो, मी खाली वही घेऊन उभा.) हवा १२ अंश, मोटरीचे अंग ५०. आम्ही खूश झालो. मे महिन्यात संध्याकाळी सातला तीच फळी, तोच चढ, तेच दहा फेरे. हवा ४१ अंश, मोटर ७९! मोटर तीच होती, बदलले होते नागपूर. साध्या प्रतीच्या निओडिमियम चुंबकांना ८० अंशांपलीकडे नेले तर त्यांचे बळ कायमचे घटू लागते. जानेवारीत मोटरीला तापायला ६८ अंशांची सवलत होती, मेमध्ये ३९ उरली. थंड गावात लिहिलेले प्रशस्तिपत्र वैदर्भीय उन्हाळ्यात चालत नाही, हे सुनांना आणि मोटरींना सारखेच लागू आहे.

उपाय एकच: दोन मोटरी, मागच्या दोन चाकांना एकेक. भार वाटला की प्रत्येकीचा प्रवाह निम्मा होतो, आणि तारांतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ती एक चतुर्थांशावर येते. एक पट्टा तुटला तरी दुसरी मोटर फळी रोखते. दुसरी मोटर आणली, तिच्यावरही १४० च लिहिलेले. पण मिस्त्रींनी ड्रिल यंत्राने दोन्ही मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरवून तारांवर मीटर लावला. १४० च्या हिशेबाने ५ व्होल्ट यायला हवे होते. पहिलीने ५ दिले, दुसरीने ३.८. म्हणजे ती १८६ च्या आसपासची, नुसते नाव बदललेली! ही जोडी लावली असती तर उतारावर दोन्ही चाकांचा ब्रेक सारखा लागला नसता. दुकानदाराने मुकाट्याने बदलून दिली. मे संपता संपता पुन्हा दहा फेरे झाले: हवा ४२, दोन्ही मोटरी ५५ च्या आत.

आणखी दोन गोष्टी रस्त्यानेच शिकवल्या. नागपूरचे सिमेंटचे रस्ते गुळगुळीत दिसतात, पण दर चारसाडेचार मीटरवर सांधा असतो. मोटारीतून जाणाऱ्याला तो ऐकूही येत नाही. ९० मिलिमीटरच्या चाकाला तो उंबरठा असतो. त्या धक्क्यांनी मोटरीचे स्क्रू सैल होतात, म्हणून ते खास गोंद लावून बसवावे आणि दर आठवड्याला तपासावे. दुसरे असे की थांबताना मोटर वीज परत बॅटरीत लोटते; बॅटरी भरलेली असेल तर ती जागा कुठून आणणार? ब्रेक ऐन उतारावर दगा देतो. म्हणून आमचा नियम: माथ्यावरून कधीही भरल्या बॅटरीने निघायचे नाही. आणि रहदारीच्या रस्त्यावर फळी न्यायचीच नाही.

वहीतले आकडे पाहताना मला सायकलरिक्षा आठवली. दोन उतारू, सामान, गाडी आणि चालवणारा मिळून अडीचशे किलो धरा. याच चढावर साडेबारा किलोची ओढ झाली, चाकांचे घर्षण वेगळे. माणूस खाली उतरून, दांडी धरून, मेच्या दुपारी ती ओढीत असे, आणि वर बसून आपण गाव सपाट आहे म्हणत असू. त्याच्या अंगाला किती अंशांची सवलत आहे, हे कोणी तापमापक लावून पाहिले नाही. २०१४ साली ई-रिक्षाला केंद्राच्या नियमांत जागा मिळाली, आणि त्या पोटऱ्यांचे काम आता बहुतेक मोटरच करते. पुतण्याची फळी खेळणे आहे. पण तिच्या निमित्ताने पाच टक्के चढ म्हणजे काय, ते मला किलोंत कळले. आणि ई-रिक्षावाला चढावर जरा हळू झाला, तर त्याला घाई करायची नाही, एवढे मी शिकलो आहे.